पेटीचा श्वास

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मुलांचे शिक्षण, विवाह, घरातील मराठी वाचनाची गळती अशा विषयांची असतात. गेल्या महिन्यात इंदूरहून एका भगिनींचे जे पत्र आले, त्यातील प्रश्न मात्र आजवर आम्हांला कोणी विचारला नव्हता. त्यांचे सासरे, ज्यांना त्या ‘मामंजी’ म्हणतात, चाळीस-बेचाळीस वर्षे तेथील एका भजनी मंडळात पेटी वाजवीत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा खांदा धरला, भाता मारणे अशक्य झाले आणि पेटीवर खोळ चढली ती चढलीच. नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. त्याने शिकवण्यांच्या पैशांतून सुटे भाग जमवून एक सिंथेसायझर उभा केला. भाता न मारता आजोबांना वाजवता यावे, हा त्याचा हेतू. आजोबा त्यापुढे पाच मिनिटे बसले, उजव्या हाताने एक अभंगाची चाल वाजवून पाहिली आणि “याला श्वास नाही रे” एवढेच बोलून उठले. तेव्हापासून घरात त्या विषयावर दोघेही बोलत नाहीत. भगिनी विचारतात, “यात चुकले कोणाचे?”

आमच्या मते कोणाचेच नाही. आजोबांचे निदान अचूक आहे, आणि त्यावरचे औषध नातवाने जमवलेल्या सामानातच आहे. हे आम्ही केवळ समजुतीखातर म्हणत नाही. आम्ही भाषेचे विद्यार्थी. विजेच्या वाद्यांशी आमचा फारसा परिचय नव्हता. परंतु पत्र आल्यावर येथील शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घेतले आणि ‘व्हीसीव्ही रॅक’ नावाची संगणकप्रणाली मिळवली. ती विनामूल्य मिळते. तिच्यात असा सिंथेसायझर पडद्यावर मांडता येतो आणि वायरीही पडद्यावरच जोडता येतात. शाळा सुटल्यावर आठ-दहा संध्याकाळी आम्ही हा उद्योग केला. त्यातून जे उमगले ते येथे सांगतो.

बाजारात मिळणाऱ्या कीबोर्डवर ‘सतार’, ‘बासरी’, ‘व्हायोलिन’ अशी बटणे असतात. त्यातील जोडणी कारखान्यातच झालेली असते. आपण केवळ बटण दाबायचे. या मुलाने केलेले वाद्य ‘मॉड्यूलर’, म्हणजे सुट्या विभागांचे आहे. त्यातील एक विभाग नुसता स्वर निर्माण करतो, तो ऑसिलेटर. दुसरा त्या स्वराचा जोर कमी-अधिक करतो, तो अँप्लिफायर. तिसरा विभाग तो जोर केव्हा आणि किती बदलावा हे ठरवतो, त्याला एन्व्हलप म्हणतात. हे विभाग एकमेकांना वायरींनी जोडावे लागतात आणि अशा प्रत्येक जोडणीस ‘पॅच’ म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्याने १९६४ साली या पद्धतीचे वाद्य प्रथम बांधले. त्यातील मुख्य कल्पना अशी की, अँप्लिफायरची मूठ माणसाच्या बोटांनी फिरण्याऐवजी दुसऱ्या विभागाकडून येणाऱ्या विजेच्या दाबाने, म्हणजे व्होल्टने, फिरावी. स्वर सुरू कर आणि थांबव ही आज्ञा देण्यासाठी त्यांनी आरंभी दारावरच्या घंटीचे साधे बटण वापरले होते!

आता आपल्या पेटीकडे पाहू. पेटीत स्वराची उंची ठरवते ती पितळी रीड. तिला हवेची वाट उघडून देते ती पट्टी. आणि स्वराचा जोर ठरवतो तो भाता. भाता जोराने दाबला तरी षड्जाचा ऋषभ होत नाही. स्वर तोच राहतो, फक्त मोठा होतो. म्हणजे स्वर आणि जोर यांची जी फारकत मूग यांनी विजेच्या साहाय्याने केली, ती पेटीत आधीपासूनच आहे. रीड हा ऑसिलेटर, पट्टी हे बटण, आणि भाता ही अँप्लिफायरची मूठ. ती मूठ फिरवणारा विभाग मात्र पेटीत कोठेही नाही. तो वादकाच्या डाव्या हातात आहे. शब्दाच्या आरंभी किंचित दाबणे, ओळीच्या अखेरीस हवा ओसरू देणे, गायक थांबला की स्वर नुसता धरून ठेवणे, ही सारी कामे त्या हाताची. आजोबा ज्याला श्वास म्हणतात तो हाच. नातवाने पट्ट्या दिल्या, स्वर दिले. पण तो हात काढून घेतला आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही.

त्या जागी काय ठेवायचे हे कळण्यासाठी एन्व्हलप नीट समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे एन्व्हलप म्हणजे पोस्टाचे पाकीट. येथेही अर्थ फार दूरचा नाही: मजकूर स्वराचा, आणि त्याला बाहेरून आकार देणारे वेष्टन हे. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रॉनिक संगीतशाळेतील संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी १९६५ साली मूग यांना जे विभाग करून मागितले, त्यांत या वेष्टनाचे चार भाग पाडले होते. तीच पद्धत आज जगभर रूढ आहे. आम्ही त्या चार भागांना उगम, उतार, स्थिती आणि लय अशी नावे देतो. (लय हा शब्द येथे ताल-लयीतला नव्हे, उत्पत्ती-स्थिती-लय यातला.) पट्टी दाबताच आवाज शून्यापासून शिखरावर जाण्यास लागणारा काळ तो उगम, शिखरावरून थोडा खाली येऊन स्थिरावण्यास लागणारा काळ तो उतार, पट्टी दाबलेली असेतोवर आवाज ज्या पातळीवर राहतो ती स्थिती, आणि बोट उचलल्यावर आवाज विरून जाण्यास लागणारा काळ तो लय. नवशिक्याचा गोंधळ बहुधा एकाच ठिकाणी होतो. उगम, उतार आणि लय हे काळ आहेत, स्थिती मात्र काळ नसून पातळी आहे. ती मूठ कितीही फिरवली तरी स्वर लांबत नाही. स्वर किती लांबवायचा हे बोटाने ठरते.

स्वराची ओळख त्याच्या उंचीहून अधिक या वेष्टनात असते, असे म्हटले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. फ्रान्समध्ये पियेर शेफर यांनी १९४८ च्या सुमारास घंटेचा नाद मुद्रित करून त्यातील आरंभीचा आघात तेवढा कापून टाकला. उरलेला नाद घंटेचा वाटेना. एखाद्या फुंकवाद्याचा वाटू लागला. आमच्या शाळेत अद्याप लोखंडी रुळाचा तुकडा घंटा म्हणून टांगलेला आहे. त्याचा टोल आम्ही मुद्रित करून उलटा वाजवला. जी मुले तो टोल रोज ऐकून दप्तर आवरतात, त्यांपैकी एकानेही तो ओळखला नाही. कोणी रेलगाडी म्हणाले, कोणी भातगिरणी. स्वर तोच, अवधी तोच. फक्त झटकन उगवून हळूहळू मावळणारा नाद आता हळूहळू उगवून झटकन मावळला, एवढ्यानेच त्याची ओळख पुसली गेली. कीबोर्डवरील ‘सतार’ सतारीसारखी का वाटत नाही, याचेही एक मोठे कारण येथेच आहे. एकच ठरीव वेष्टन ती प्रत्येक स्वराला चढवते. सतारियाचा प्रत्येक आघात वेगळा असतो.

आता प्रत्यक्ष जोडण्या पाहू. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे वाद्य नाही, त्यांनीही त्या वाचाव्यात. कारण यातील प्रत्येक गोष्ट आपल्या कानांच्या ओळखीची आहे.

पहिली जोडणी पायाची. ऑसिलेटरची वायर अँप्लिफायरच्या ध्वनीच्या जॅकमध्ये. पट्ट्यांकडून येणारी ‘गेट’, म्हणजे पट्टी दाबलेली असेपर्यंत टिकणारा व्होल्ट, एन्व्हलपमध्ये. आणि एन्व्हलपची वायर अँप्लिफायरच्या नियंत्रणाच्या जॅकमध्ये. पुष्कळ अँप्लिफायरांना तो मुळातच किंचित उघडा ठेवणारी एक मूठ असते. ती शून्यावर हवी, नाहीतर बोट उचलले तरी स्वर वाजतच राहतो. पेटीसारख्या स्वरासाठी उगम सेकंदाच्या विसाव्या भागाइतका ठेवावा, आणि खर्जासाठी थोडा अधिक. कारण खऱ्या पेटीतही खर्जाची मोठी रीड सावकाशच बोलू लागते. स्थिती पूर्ण, आणि लय अगदी थोडा. अँप्लिफायरवर ‘लिनिअर’ आणि ‘एक्स्पोनेन्शियल’ असे दोन प्रकार असतील तर ऐकण्याच्या ध्वनीसाठी दुसरा घेऊन पाहावा. आपला कान आवाजाची वाढ बेरजेने नव्हे, पटीने मोजतो, म्हणून त्या प्रकारात विरत जाणारा नाद स्वाभाविक वाटतो. जेथे नियंत्रणाचेच व्होल्ट कमी-जास्त करायचे असतील तेथे पहिला बरा.

इंदूरच्या या मुलाची जोडणी बहुधा येथेच थांबली असावी. दुसरी जोडणी श्वासाची. पहिल्या अँप्लिफायरच्या पुढे त्याच ओळीत आणखी एक अँप्लिफायर बसवावा. पहिला एन्व्हलपच्या आज्ञेत राहील आणि प्रत्येक स्वराची सुरुवात व शेवट सांभाळील. दुसरा पायाने दाबायच्या पेडलच्या आज्ञेत राहील आणि संपूर्ण ओळीचा जोर सांभाळील. पेडलचे व्होल्ट थेट जोडले तर पायाचा प्रत्येक धक्का ऐकू येतो. म्हणून मध्ये ‘स्ल्यू’ नावाचा विभाग घालावा. तो व्होल्टचा बदल एकदम होऊ देत नाही, थोडा वेळ घेऊन होऊ देतो. पेटीतील जाणकारांना हे नवे नाही. बाहेरचा भाता आपण मारतो, पण रीडला हवा मिळते ती आतल्या, स्प्रिंग लावलेल्या भात्यातून. तोच धक्के गिळून हवेचा दाब सारखा ठेवतो. स्ल्यू म्हणजे हा आतला भाता. आणि पायाने हवा देणे हेही आपल्याकडे नवे नाही. संगीत नाटकांच्या वैभवाच्या काळात रंगमंचापुढे जो ऑर्गन वाजे, त्याचा भाता पायांनीच चाले.

तिसरी जोडणी आम्हांला सर्वांत अधिक आवडली. ‘एन्व्हलप फॉलोअर’ नावाचा एक विभाग मायक्रोफोनमधून येणाऱ्या आवाजाचा जोर मोजतो आणि तितके व्होल्ट बाहेर देतो. मामंजी वाजवताना गुणगुणत असतील, आणि बहुतेक पेटीवाले गुणगुणतातच, तर त्यांच्यापुढे मायक्रोफोन ठेवून तो या विभागाला जोडावा आणि त्याचे व्होल्ट पेडलऐवजी दुसऱ्या अँप्लिफायरला द्यावेत. गळा उघडेल तशी साथ उघडेल, ओळ संपेल तशी साथ ओसरेल. खांदा थकला तरी गळा शाबूत असेल, तर श्वास अक्षरशः त्यांचाच राहील. मायक्रोफोनचा आवाज फार क्षीण असतो, तो आधी वाढवून घ्यावा लागतो, एवढे लक्षात ठेवावे.

चौथी जोडणी पेटीला कधीच न साधलेल्या गोष्टीसाठी. अँप्लिफायरमधून ध्वनीच गेला पाहिजे असे नाही. तो नियंत्रणाचे व्होल्टही कमी-जास्त करू शकतो. स्वराला हलके आंदोलन देणारा मंद ऑसिलेटर घ्यावा, त्याचे व्होल्ट एका अँप्लिफायरमधून नेऊन मग मुख्य स्वराला द्यावेत, आणि त्या अँप्लिफायरला एक सेकंदभर उगम असलेला स्वतंत्र एन्व्हलप जोडावा. परिणाम असा की स्वर आधी सरळ लागतो, स्थिरावतो आणि मग डोलू लागतो. चांगला गवई धैवत लावतो तो याच क्रमाने. पट्ट्यांपासून ऑसिलेटरकडे जाणाऱ्या वायरीत आणखी एक स्ल्यू घातला, तर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते, अर्थात मींड.

पाचवी तंबोऱ्यासाठी. दुसऱ्या ऑसिलेटरवर षड्ज अखंड धरावा, त्याचा अँप्लिफायर थोडा उघडा ठेवावा आणि मुख्य स्वराचा एन्व्हलप उलटा करून त्याला द्यावा. पट्टी वाजली की षड्ज मागे सरतो, थांबली की पुढे येतो. अशा वाद्यात एका वेळी बहुधा एकच स्वर वाजतो, त्यामुळे ही मागची भर भजनात उपयोगी पडेल.

दोन सूचना सावधगिरीच्या. सध्याच्या प्रचलित मापाच्या विभागांना वीज देणाऱ्या चपट्या वायरपट्टीची तांबडी कडा उणे बारा व्होल्टच्या बाजूस येते; पट्टी उलटी बसली तर विभाग जळू शकतो. आणि या वाद्याचा आवाज घरगुती ध्वनिवर्धकाच्या मानाने फार मोठा असतो. आधी तो पुरता कमी करून मगच जोडणी करावी.

येथवर वाचून काही वाचक म्हणतील, ही परदेशी यंत्रे आपल्या भजनाला कशाला हवीत? त्यांना पेटीचाच इतिहास सांगावासा वाटतो. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनी १८४२ साली घेतले. ते पायाने वाजवण्याचे वाद्य होते. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याची पेटी रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तिच्या प्रसाराचे मोठे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. पुढे १९४० साली रेडिओने पेटीला मज्जाव केला. ती परकी आहे, तिला मींड येत नाही, तिच्या श्रुती बांधलेल्या आहेत, असे आक्षेप होते. हा निर्बंध १९७१ साली सैल होईतो तीन दशके लोटली. त्या काळात रेडिओवर जिला जागा नव्हती ती पेटी आपल्या कीर्तनांत आणि घराघरांत वाजतच होती. गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी आक्षेपांना उत्तर दिले ते वादाने नव्हे, वादनाने. आज मामंजींच्या हातातील पेटी आपल्याला वारशासारखी वाटते, याचे कारण कोणीतरी त्या परक्या पेटीला आपला श्वास दिला.

श्वास देणारे नसले तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याच देशात आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यांचा असाच विभागांचा सिंथेसायझर मांडून दिला होता. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या आपल्या मंडळींनी त्यावर रचना केल्या. ज्या काळी जगातही अशी वाद्ये मोजकीच होती, त्या काळी ती आपल्याकडे वाजत होती. परंतु चार-पाच वर्षांतच ते काम थांबले. ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटनमधील पॉल पर्गस या संगीतकाराने त्या शोधून काढल्यावर निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. तोवर अर्धे शतक उलटून गेले होते. यंत्र होते, बुद्धीही होती. पण ती विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली नाही.

म्हणून त्या भगिनींना आमची सूचना आहे, ती वायरींच्याही आधीची. पेटीवरची खोळ काढावी. मामंजींनी उजव्या हाताने पट्ट्या वाजवाव्यात आणि भाता नातवाने मारावा. पहिल्या दिवशी दोघांचे जमणार नाही. आजोबा रागावतील, “आता नको, आता हवा सोड,” असे म्हणतील. तेच तर शिकायचे आहे. कोणत्या शब्दावर दाब, कोणत्या ओळीला ओसर, हे नातवाच्या हातात उतरले की मग ते पेडलमध्ये, स्ल्यूमध्ये, एन्व्हलपच्या मुठींमध्ये कसे उतरवायचे हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. आणि ज्याने चार दशके भाता सांभाळला त्याला मुठी फिरवून “हा नव्हे, हा” असे सांगण्याचा अधिकार त्या यंत्रापुढेही आहेच. ही शिकवणी उद्यावर टाकू नये. खांद्यापाठोपाठ बोटेही थकतात, आणि जे हाताला ठाऊक असते ते कागदावर फारसे राहत नाही.

मध्य प्रदेशात, छत्तीसगडात, बडोद्यात, हैदराबादेत, आपल्या कितीतरी घरांत माळ्यावर एखादी पेटी असेल आणि त्याच घरात संगणकावर सूर जुळवणारे एखादे मूलही असेल. त्यांची अजून गाठ पडली नसेल तर ती घालून द्यावी, आणि काय घडले ते आम्हांला अवश्य कळवावे. पुढील अंकी त्यातील काही पत्रांचा परामर्श घेऊ.

हट्टा, जि. बालाघाट